विचारा तर खरं : आईच्या मनातलं मुलाला कळतं, हे तपासायचं कसं?

प्रश्न : माझा भाचा १३ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, बोलत नाही. वर्षभरापासून माझी मोठी बहीण त्याच्यासमोर अक्षरांची पाटी धरते, दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटाला आधार देते आणि तो एकेका अक्षरावर बोट ठेवून शब्द जुळवतो. दिवाळीत ताईने चिठ्ठीवर एक आकडा लिहून मुठीत धरला, तो त्याने बरोबर दाखवला. तेव्हापासून आकडे, रंग, देवांची नावं, ताईच्या मनात जे असेल ते तो ओळखतो. आमच्या आईला ही पूर्वजन्मीची साधना वाटते. भावजींना पटत नाही. ते ‘एकदा नीट परीक्षा घेऊ’ म्हणाले तेव्हा ताई खूप रडली. आता नात्यातले एक जण त्याला लोकांसमोर बसवायचं म्हणताहेत. कुणाचाही अपमान न होता हे तपासता येईल का?
— एक मावशी, सिंहगड रोड

उत्तर : येईल. घरच्या घरी, फार खर्च न करता येईल. पण ताईला बाजूला ठेवून काहीही ठरवू नका. आखणी करायला पहिल्या दिवसापासून तीच बसली पाहिजे. तिला जी अट अन्यायाची वाटेल ती बदलायची, आणि सगळे नियम तिला पटले की मगच सुरुवात करायची. हे मी तिची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. जिची चाचणी आहे तिने आधी मान्य केलेल्या नियमांनीच तिचा निकाल लागला पाहिजे, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही.

आता तुमच्या पत्रातलं नीट वेगळं करू. तुम्ही एकच गोष्ट लिहिली आहे असं वाटतं, पण त्यात दोन दावे एकमेकांत गुंतलेत. पहिला, पाटीवर उमटणारे शब्द मुलाचे आहेत. दुसरा, ताईच्या मनातलं तिने न सांगता त्याला कळतं. आणि या दोन्हींच्या शेजारी तिसरी एक शक्यता उभी आहे : ताईचा हात, तिच्या अजिबात लक्षात न येता, मुलाचं बोट नेतो आहे. आज तुमच्याकडे जे चालतं त्यात उत्तर ताईला माहीत असतं आणि हातही ताईचाच असतो. मुलाला मनातलं कळत असेल तरी उत्तर बरोबर येईल, ताईचा हात नेत असेल तरी बरोबर येईल. म्हणून याच पद्धतीने आणखी शंभर व्हिडिओ काढले तरी आपल्याला काडीची नवी माहिती मिळणार नाही.

‘हात नकळत नेतो’ म्हणजे ताई फसवते असं कुणी समजू नये. सुट्टीत भावंडं जमली की प्लँचेट करायची, वाटी आपोआप अक्षरांवर फिरायची आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की मी ढकलली नाही. ते सगळे खरंच बोलत होते. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये नेमका हाच प्रकार तपासला. तेव्हा टेबलाभोवती हात ठेवून बसायची आणि टेबल फिरायची टूम होती. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकतील असे थर ठेवले आणि दाखवलं की आधी हात सरकतात, मग टेबल. बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

त्याहून बोलकं उदाहरण बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याचं. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाने त्याला गणित शिकवलं होतं. बेरीज विचारली की घोडा तितक्या वेळा खूर आपटायचा. हे गृहस्थ प्रामाणिक होते, पैसे घेत नसत. १९०४ मध्ये एका समितीने पाहणी केली आणि यात लबाडी नाही असा निर्वाळा दिला. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने एवढंच केलं, की ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाकडून प्रश्न विचारवले, आणि काही वेळा विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी सोय केली. घोडा चुकायला लागला. खुरांचे ठोके उत्तराच्या आकड्यापर्यंत आले की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, आणि घोडा ते टिपायचा. फुंग्स्टला हे रहस्य कळल्यावरसुद्धा त्याच्या स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबेना. ज्याला माहीत आहे त्यालाही जिथे आवरत नाही, तिथे आपल्या मुलाच्या एका शब्दासाठी इतकी वर्षं आसुसलेल्या आईला दोष कसा द्यायचा?

तेव्हा दोन वेगवेगळ्या बैठका लागतील. दोन्हीसाठी मुलाला चांगली माहीत असलेली चारच चित्रं घ्या. आंबा, बस, छत्री, मांजर, अशी. पोस्टकार्डाएवढी, एकाच जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, मागून काही दिसणार नाही अशी. शब्द जुळवण्याची गरज नको. चारांपैकी एकावर बोट ठेवलं की झालं. त्यामुळे स्पेलिंगचे वाद, ‘त्याला आंबट म्हणायचं असेल’ वगैरे अर्थ लावणं आपोआप टळतं.

पहिली बैठक शब्द कुणाचे हे बघण्यासाठी. ताई नेहमीसारखी शेजारी बसेल, नेहमीसारखा मनगटाला आधार देईल. चित्र मात्र फक्त मुलाला दिसेल, ताईला नाही. भावजी मागच्या बाजूने ते उचलून त्याच्यासमोर धरतील, खाली ठेवतील आणि स्वतः खोलीबाहेर जातील, म्हणजे त्यांचा चेहराही काही सांगणार नाही. मग ताई चारही चित्रांची पाटी पुढे धरेल. दर खेपेला पाटीवर चित्रांच्या जागा बदला. बोट मुलाचं असेल तर त्याने दोन क्षणांपूर्वी पाहिलेलं चित्र दाखवणं त्याला अवघड जाऊ नये.

दुसरी बैठक मनातलं कळण्याची. इथे उलट करायचं. चित्र ताईला माहीत असेल, पण ताई तिथे नसेल. तिला शेजारच्या बिल्डिंगमध्ये मैत्रिणीकडे बसू दे. मुलासमोर पाटी स्टँडवर उभी असेल, त्याला कुणीही हात लावणार नाही, आणि त्याच्या खोलीत जो बसेल त्याला चित्र कोणतं आहे याची कल्पना नसेल.

दोन बैठका का, एकीत का भागत नाही, हे ताईला समजावून सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत हात धरून टंकलेखन करणाऱ्या १२ स्वमग्न व्यक्ती आणि त्यांचे ९ मदतनीस यांच्यावर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कधी दोघांना एकच चित्र दाखवलं, कधी वेगवेगळं. वेगवेगळं दाखवलं तेव्हा टंकलेलं उत्तर मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं निघालं. त्या संशोधकांनी यावरून ‘शब्द मदतनिसाचे’ असा निष्कर्ष काढला. पण तुमच्या आई लगेच म्हणतील, बघा, मदतनिसाच्या मनातलंच वाचलं की! त्यांचं म्हणणं केवळ हसून उडवून लावायचं नसेल, तर हात आणि मन यांना वेगळं करणारी बैठक घ्यायलाच हवी. ताई दूर, हात कुणाचाच नाही, तरीही उत्तरं बरोबर आली, तर मग हाताचं कारण पुढे करता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, आधाराशिवाय तो बोटच उचलत नाही. तर मग घाई नको. आधी काही आठवडे स्टँडवरच्या पाटीची सवय करा. चित्र उघड दाखवा आणि ‘हेच पाटीवर कुठे आहे?’ विचारा. हे त्याला जमू लागलं की दुसरी बैठक. आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, त्याच खोलीत, त्याच पाटीवर अशा पाच-सहा उघड खेपा घ्या. त्या दिवशी त्याही जमत नसतील तर मुलाचा दिवस बरा नाही. बैठक रद्द करा, मोजणीत धरू नका. रद्द करायचा निर्णय मात्र पाकिटं उघडण्याआधीच घ्यायचा, नंतर नाही.

पाकिटांचं सांगते. कोणत्या खेपेला कोणतं चित्र हे ताईने मनाने निवडायचं नाही. माणूस मनाने निवडतो तेव्हा त्यात ठरावीक आवडी उतरतात, लागोपाठ तेच चित्र तो सहसा घेत नाही, आणि आईच्या आवडी मुलाला पाठ असतात. घरातला लुडोचा फासा घ्या. १ ते ४ पडले तर ते चित्र, ५ किंवा ६ पडले तर पुन्हा टाका. हे काम तुमच्या कुटुंबाबाहेरच्या एखाद्या माणसाने करावं. त्याने प्रत्येक बैठकीसाठी ४० पाकिटं भरावीत, क्रमांक घालावेत, यादी वेगळ्या पाकिटात बंद करून सही करावी आणि बैठकीच्या दिवशी घराकडे फिरकू नये. प्रत्येक खेपेला फासा नव्याने टाकल्यामुळे ‘आंबा दहादा झाला, आता नसेल’ असा हिशोब करूनही फायदा होत नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यांच्यावर टीका झाली ती अशाच साध्या गोष्टींवरून : पत्ता समोर असणं, मागून चिन्ह पुसटसं दिसणं, उत्तर कळल्यावर उरलेल्या पत्त्यांचा अंदाज बांधता येणं.

वेळेचा इशारा ताईने द्यायचा नाही. ‘झालं, पाठवलं’ असा मिस्ड कॉल नाही, मेसेज नाही. दोन्हीकडे एक-एक साधं घड्याळ ठेवा, दर तीन मिनिटांनी पुढची खेप. फोन आणि स्मार्टवॉच दोन्ही खोल्यांमधून बाहेर. यात ताईवर अविश्वास आहे असं तिला वाटलं तर सांगा की हे तिच्या बाजूचं संरक्षण आहे. निकाल तिच्यासारखा लागला तर उद्या कुणी ‘फोनवरून सांगितलं असेल’ म्हणायला जागाच राहू नये.

मुलाजवळ बसणाऱ्याने बोट पडताक्षणी पेनने उत्तर लिहायचं, खाडाखोड करायची नाही. दोन चित्रांना हात लागला तर पहिलं धरायचं. काहीच दाखवलं नाही तर ‘उत्तर नाही’ लिहून चूक मोजायची. हेही आधीच कागदावर असू दे. बरोबर-चूक कुणीही, अगदी कौतुकानेही, मधे सांगायचं नाही.

आता आकडे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे थोडं थांबते. चारांपैकी एक, म्हणजे नुसत्या अंदाजाने ४० खेपांत साधारण १० बरोबर येतील. १२-१३ आले म्हणून कुणी हरखून जाऊ नये आणि ७ आले म्हणून खट्टू होऊ नये, इतकं मागेपुढे होतंच. २० किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता मात्र नुसत्या नशिबाने हजारात एकाहूनही कमी आहे. म्हणून माझी सूचना : दोन्ही बैठकींत ४० पैकी २० ही रेषा. ती ताईसाठी फार उदार आहे. तुमच्या लिहिण्याप्रमाणे तो जवळजवळ दर वेळी ओळखतो. मग निम्मे म्हणजे त्याला सहज जमायला हवेत. खेपा एका दमात घेऊ नका, दहा-दहा करून चार सकाळी घ्या. पण चारही होईपर्यंत यादीचं पाकीट बंद. दोन सकाळी झाल्यावर बेरीज करून ‘छान चाललंय, इथेच थांबू’ किंवा ‘अजून दहा घेऊ’ असं केलं की वरचं गणित कोसळतं.

आपल्या पुण्यातच असं आखीव काम झालं आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं, अशा २०० पत्रिका. कोणती कुणाची ही माहिती सांकेतिक क्रमांकांखाली विद्यापीठात बंद होती, प्रयोग करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हती. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. यशासाठी २८ बरोबर लागणार होते, सर्वांत जास्त २४ आले. मला या प्रयोगात आवडतं ते असं, की २८ आले असते तर नारळीकरांना ते मान्य करावंच लागलं असतं. तुमच्या चाचणीतही ताई जिंकू शकेल अशी खरीखुरी वाट असली पाहिजे, आणि ती जिंकली तर भावजींनी सबबी सांगायच्या नाहीत, हे त्यांच्याही सहीने लिहून घ्या.

बैठका सकाळी ठेवा. तुमच्याकडे नदीकाठ जवळ आहे. पावसाळ्यात संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की अशा मुलांना किती त्रास होतो हे तुम्हाला माहीतच असेल. तो उठून गेला तर तो नाही म्हणतोय असं समजा आणि त्या दिवसापुरतं थांबवा. व्हिडिओ काढलात तर तो तुम्हा चौघांतच राहू दे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि त्याला लोकांसमोर बसवायचं म्हणणाऱ्या नातेवाइकांना आजच ठामपणे नाही सांगा. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. पैसे नसले तरी, ज्या मुलाला नकार बोलून दाखवता येत नाही त्याला गर्दीपुढे बसवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

माझा अंदाज विचाराल तर पहिल्याच बैठकीत उत्तरं दहाच्या आसपास राहतील. हात धरून अक्षरं दाखवण्याच्या पद्धतीवर काटेकोर चाचण्या झाल्या तिथे हेच दिसलं, आणि अमेरिकेतल्या वाचा-उपचार तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट म्हटलं. पण माझ्या अंदाजाला तुमच्या घरात मत नाही, पाकिटांना आहे.

असं झालंच तर त्या दिवशी ताईजवळ तुम्ही असा. वर्षभर आपण मुलाशी बोलत होतो असं ज्या आईला वाटलं, तिच्यासाठी हा मोठा आघात असेल. तिला त्याच आठवड्यात चांगल्या वाचा-उपचार तज्ज्ञाकडे न्या. चित्रांच्या कार्डांनी, टॅबवर, स्वतःच्या बोटाने ‘पाणी’, ‘नको’, ‘बाहेर जाऊ’ सांगायला अशी अनेक मुलं शिकतात. स्टँडवरच्या पाटीची तुम्ही जी सवय कराल ती तिथे थेट उपयोगी पडेल. हात मधे असेपर्यंत त्याला स्वतःला काय हवंय हे आपल्याला ऐकूच येणार नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे.

आणि २० च्या वर गेले तर? तर आनंदाने पुन्हा घ्या, नवी पाकिटं, नवा माणूस, आणि या वेळी एखाद्या अनुभवी जादूगाराला आधी आखणी दाखवून. नजर चुकवून माहिती कुठून निसटते हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा चांगलं कळतं. मलाही कळवा, मी यायला तयार आहे.

प्रश्न : शंका घेणारा माणूस जवळ असला की अतींद्रिय शक्ती काम करत नाही, असं आमच्या साधना-वर्गात सांगतात. मग शास्त्रज्ञांच्या चाचणीत ती दिसणार कशी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मग शंका घेणाऱ्याला खोलीत बसवू नका. वरच्या उत्तरात पाहा, पाकिटं भरणारा माणूस बैठकीच्या वेळी घरात नसतोच. खोलीत सगळे श्रद्धाळू असले तरी चालतात, कारण चाचणीची ताकद पाकीट बंद असण्यात आहे, कुणाच्या कडक नजरेत नाही. वर्गातल्या लोकांना आणखी कोणत्या अटी हव्यात, दिवा मंद, उदबत्ती, ठरावीक तिथी, ते सगळं आधी मागायला सांगा आणि माहितीची गळती होत नसेल ते सगळं द्या. फक्त निकाल बघितल्यानंतर नवी अट काढता येणार नाही. ‘कुठल्याही शंकेखोराने जगात कुठेही बसून शंका घेतली तरी शक्ती थांबते’ असं कुणी म्हणू लागलं तर मग ती शक्ती असल्याचं त्या माणसाला तरी कसं कळलं, हे त्यांना नम्रपणे विचारा.

प्रश्न : नाशिकच्या बहिणीची आठवण आली की तिचा फोन येतो. हे टेलिपथी नाही का?
— निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

उत्तर : एक वही करा. तिची आठवण आली की लगेच, फोन वाजायच्या आधी, वेळ लिहा. फोन आला की तीही वेळ लिहा, मग आठवण आली असो वा नसो. किती वेळात फोन आला तर ‘जुळलं’ म्हणायचं ते आजच ठरवा, समजा १५ मिनिटं. बहुतेकांना आठवण आली आणि फोन आला तेवढंच लक्षात राहतं. आठवण येऊन फोन न आलेल्या दुपारी कुणी मोजत नाही. आणि बहिणीचा फोन ठरावीक वेळी येत असेल, रविवारी सकाळी किंवा जेवणं आटोपल्यावर, तर आठवणही त्याच वेळी येणार.

त्याहून चांगलं करायचं असेल तर चार जणांना तयार करा. फासा टाकून त्यांच्यातल्या एकानेच ठरलेल्या वेळी फोन करायचा. तुमच्या फोनचा स्क्रीन झाकलेला असेल, रिंगटोन सगळ्यांना एकच, आणि उचलण्याआधी तुम्ही नाव लिहाल. तुमचा नाशिकचा फोन जुन्या लँडलाइनवर येत असेल तर स्क्रीन झाकायचाही प्रश्न नाही. ४० फोन, २० ची रेषा. वही भरली की पाठवा, बेरीज मी करून देईन.